मागच्या दाराचा कारखाना

परवा माझी नात पलंगावर मांडी घालून, मांडीवर ते घडीचं यंत्र ठेवून बसली होती. मी काहीतरी विचारायला गेलो तर म्हणाली, आजोबा, मी ऑफिसात आहे. घरातले सगळे हसले. मी हसलो नाही. मी तिला विचारलं, बरं, मग ऑफिसात आलीस कुठल्या दारानं? तिला वाटलं म्हाताऱ्याचं काहीतरी सुरू झालं. सुरू झालंच होतं. मला माझी वहिनी आठवली होती, आणि वहिनी आठवली की मला अर्ध्यावर थांबता येत नाही.

त्याआधी माझ्या धंद्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्याचा इथं संबंध आहे. मी पाट्या रंगवायचो. गावच्या शाळेत मास्तरांनी पाटीवर अक्षर घोटून घेतलं. बाकी विद्या डोक्याला वळसा घालून निघून गेली, पण अक्षर तेवढं हातात बसलं, आणि त्या अक्षरावर आमचा संसार चालला. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या की एक गोष्ट कळते. माणूस आपल्या कामाच्या जागेला काय म्हणतो, यावरून त्याच्या मनातला त्याचा स्वतःचा फोटो दिसतो. शिंपी काही विकत नाही, पण पाटीवर त्याला ‘दुकान’च हवं असतं. वकिलाकडं एक खुर्ची आणि एक मोडका पंखा, पण पाटीवर ‘कार्यालय’. आणि ज्याला कुणाला आपण फार मोठे झालो असं वाटतं, तो ‘कारखाना’ लिहून घेतो. मी एका साबणाच्या कारखान्याची पाटी रंगवली आहे. ती जागा न्हाणीघराएवढी होती. कामगार आत जायचा तेव्हा मालकाला बाहेर यावं लागायचं. एक मेणबत्त्यांचा कारखाना रंगवला, तिथं नवरा मालक आणि बायको कामगार, आणि दोघांचं भांडण झालं की त्याला ते संप म्हणायचे.

त्यामुळं माझं मत ठरून गेलं होतं. कारखाना म्हणजे उंच चिमणी हवी, भोंगा हवा, फाटक हवं आणि फाटकावर आपल्याला आत न सोडणारा एक माणूस हवा. बाकी सगळी नुसती हौस.

हे माझं मत वहिनीनं मोडून काढलं. मोठ्यानं वाद घालून नाही. नऊ ते साडेपाच काम करून.

माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, बसच्या आगारात फिटर होता. त्याची नेहमी दुपारची पाळी. त्याचं घर दोन खोल्यांचं. पुढची खोली रस्त्यावर, तिथं आमची आई खिडकीपाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची दखल घ्यायची. मागं स्वयंपाकघर. दोन्हींच्या मध्ये एक दार, आणि स्वयंपाकघराला आणखी एक दार, ते मागच्या बोळात उघडायचं. बोळात कुणी जायचं नाही. कचरा टाकायला तेवढं ते दार उघडायचं.

वहिनी काजं करायची. कोटाला बटण लावायला जी भोकं असतात ती. नुसतं भोक म्हटलं तर ती चिडायची, आणि बरोबरच आहे. आधी खडूनं खूण, मग धारदार पात्यानं चीर, मग चिरेच्या कडेनं मेण लावलेल्या दोऱ्याचे टाके, एकाला एक चिकटून, दाणे ओवल्यासारखे. एका काजाला पाव तास. आणि चीर एकदा दिली की दिली. कापड पुन्हा जोडता येत नाही. बाजारातला मोठा कोटशिंपी तिला घरी काम पाठवायचा.

दादा सकाळभर घरी. आणि सकाळभर घरी असलेल्या माणसाला स्वतःची कुठलीही वस्तू सापडत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. अगं, चष्मा कुठंय. अगं, पेपर कुठंय. आई पुढून विचारणार, सूनबाई, कोण गेलं गं आत्ता, ओळखीचं वाटलं. शेजारीण येणार, दोन चमचे साखर मागणार आणि अर्धा तास बसणार. वहिनी सगळ्यांना उत्तरं द्यायची आणि मधल्या मधल्या वेळात टाके घालायची.

एकदा एका बॅण्डचे आठ कोट आले. लाल, सोनेरी किनारीचे. वहिनीची पद्धत अशी, की पहिल्या कोटावर काजं पक्की करायची आणि मग बाकीचे कोट त्यावर ठेवून खुणा करायच्या, म्हणजे सगळे एका मापाचे होतात. पहिल्या कोटाला ती चीर देणार, इतक्यात दादानं हाक मारली की माझा एक मोजा सापडत नाही. तिनं मान वर केली, मोजा कुठं आहे ते सांगितलं, मान खाली घातली आणि चीर दिली. तेवढ्यात कोट उलटला होता. पुरुषांच्या कोटाला काजं डाव्या बाजूला लागतात. ही उजव्या बाजूला गेली. आणि पहिल्याच्या मापानं पुढचे सात.

दुसऱ्या दिवशी आठ पिळदार मिशांचे वाजवणारे बायकांसारखी बटणं लावून वाजवत गेले. कोटशिंपी रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला. म्हणाला, “जाऊ द्या हो बाई. घरात केलेलं काम, ते घरातल्यासारखंच व्हायचं.”

वहिनी तीन दिवस कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं पहाटे उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक केला. दादाचा डबा भरून पुढच्या खोलीत ठेवला. चुलीवर एक फळी टाकली, तिच्यावर स्वच्छ चादर पसरली. मधल्या दाराला आतून कडी घातली आणि मागच्या दारानं बाहेर पडून ती पुढच्या दारानं घरात आली. केस विंचरले, बाहेर जायच्या चपला घातल्या, स्वतःचा डबा पिशवीत टाकला आणि दादाला म्हणाली, “अहो, येते मी. कारखान्यात जाते.”

दादा पेपरात होता. कुठल्या, असं त्यानं विचारेपर्यंत ती रस्त्यावर. दारातून वाकून पाहिलं तर ती उजवीकडं गेली, कोपऱ्यावर इस्त्रीवाल्यापाशी वळली आणि दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं आपल्याच स्वयंपाकघरात कडी वाजल्याचा आवाज आला.

दादानं मधलं दार ढकललं. उघडेना. हाका मारल्या. उत्तर नाही. शेवटी तो चपला घालून सगळा वळसा घेऊन बोळात गेला आणि मागचं दार वाजवलं. वहिनीनं दार उघडलं आणि अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं, काय काम आहे? दादा म्हणाला, चहा. त्यावर ती म्हणाली, “चहा इथं मिळत नाही. घरी विचारा.” आणि दार लावून घेतलं.

दादा तडक माझ्या दुकानात आला, रंगाच्या डब्यावर बसला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, अरे, तुझी वहिनी गेली. माझ्या हातातला ब्रश पडला. कुठं गेली म्हणून विचारलं, तर म्हणाला, स्वयंपाकघरात.

मी आधी पोट धरून हसलो. मग तिची गंमत करायला म्हणून साडेपाचला त्यांच्या घरी गेलो. वहिनी नुकतीच पुढच्या दारानं कामावरून आली होती, चपला काढत होती, आणि दमलेल्या माणसासारखी खुर्चीत बसली. मी म्हटलं, वहिनी, कारखाना म्हणता, मग भोंगा कुठंय? दुसऱ्या दिवशी दादाच्या जुन्या सायकलची घंटी मागच्या दाराला बसली. सकाळी नऊला ती एकदा वाजायची आणि साडेपाचला एकदा. मधल्या सुट्टीला दोनदा. आठवड्याभरात आजूबाजूच्या घरांतली माणसं तिच्यावर घड्याळं लावायला लागली.

महिन्यात तिची काजं अशी सुधारली की कोटशिंपी दुप्पट काम पाठवायला लागला. मग तिनं एक बाई मदतीला घेतली, मग दुसरी. अशा पाच झाल्या. सगळ्यांत मोठी होती तिला आम्ही थोरल्या बाई म्हणायचो. सगळ्या बोळातून यायच्या, घंटीच्या आधी. वहिनीनं हजेरीची वही केली. उशीर झाला की नावापुढं लाल रेघ, आणि कारणाचा एक रकाना. त्या वहीत पहिलं नाव तिचं स्वतःचं. एकदा वळसा घेताना इस्त्रीवाल्यानं तिला थांबवून त्याच्या मुलीच्या लग्नाचं सगळं सांगितलं, तर वहिनीनं येऊन आधी स्वतःपुढं लाल रेघ ओढली आणि कारणात लिहिलं, रस्त्यात बोलणं.

तेव्हा तिनं मला पाटी मागितली होती. मी नाही म्हटलं. धंद्याचा प्रामाणिकपणा आडवा आला. म्हटलं, वहिनी, दुकान लिहितो, कामाची जागा लिहितो, पण चुलीवर फळी टाकून तिला कारखाना कसं लिहू? लोक मला हसतील. ती म्हणाली, “राहू द्या भाऊजी. पाटी नाही म्हणून काज उसवत नाही.” पण मला तिचं तोंड दिसलं होतं. पुढं ते मला बरीच वर्षं दिसत राहिलं.

सहा वर्षं गेली. मग ती कंपनी आली.

गणवेशाचे कोट शिवणारी मोठी कंपनी होती. बसचे कंडक्टर, हॉटेलांचे दरवान, पहारेकरी, सगळ्यांचे कोट तिथं व्हायचे. जाड कापडाला यंत्राची काजं टिकत नव्हती, दोन महिन्यांत फाटायची. म्हणून त्यांनी ठरवलं की काजं बाहेरून हातानं करून घ्यायची. पण काम घरोघरी वाटायचं नाही. नगरपालिकेच्या नोंदवहीत ज्याची कारखाना म्हणून नोंद असेल त्यालाच द्यायचं. आणि कोटशिंप्याचं मन आता तयार कपड्यांवर गेलेलं. तो पुढच्या महिन्यापासून काम बंद करणार होता. म्हणजे नोंद झाली तर सहा बायकांना वर्षभराचं काम. नाही झाली तर घंटी काढून पुन्हा सायकलला लावायची, आणि प्रत्येकीनं आपापल्या घरात, हाका ऐकत, मिळेल ते शिवत बसायचं.

वहिनीनं अर्ज केला. तपासनीस आले. जाडजूड होते, घाम पुसत पुढच्या दाराशी उभे राहिले आणि आईला विचारलं, कारखाना इथंच का? आई आयुष्यात खोटं बोललेली नाही. ती म्हणाली, नाही हो, हे घर आहे. कारखान्यात सूनबाई गेली आहे. साहेबांना आतून थोड्या हालचाली ऐकू येत होत्या. त्यांनी खिडकीवर कागद टेकवला. त्या कागदावर छापलेलं होतं, ‘घर / दुकान / कारखाना. लागू नसेल ते खोडा.’ त्यांनी दोन शब्द खोडले, शेजारी लिहिलं की राहतं घर आहे, आत चूल आहे, आणि निघून गेले. मागं गेलेच नाहीत. दादा बिचारा तेवढ्यात दाढी करत होता. तो अर्ध्या तोंडाला साबण लावून बाहेर येईपर्यंत साहेब कोपऱ्यावर.

नियमात एक सोय होती. पंधरा दिवसांच्या आत दुसरा तपासनीस येऊन फेरतपासणी करेल, न सांगता. त्यानंतर मात्र वर्षभर अर्ज करता येणार नाही.

मग आमच्या घरात सल्ल्यांचा पूर आला. दादा म्हणाला, चूल पुढच्या खोलीत आणून ठेवू. मी म्हटलं, एखादी पत्र्याची शेड पंधरा दिवसांसाठी मागून घेऊ, मी रातोरात पाटी करतो. आता मी पाटी करायला तयार झालो होतो, बघा. वहिनीनं सगळ्यांचं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली की तेवढ्यापुरतं काहीही करायचं नाही. रोज जे होतं तेच होऊ द्या. आईला मात्र तिनं जवळ बसून एक विनंती केली. “आई, तुम्ही खरंच सांगा. फक्त त्याच्या पुढचंही खरं सांगा.”

ते पंधरा दिवस मी रोज अकराच्या सुमाराला धंदा सोडून दादाकडं जाऊन बसायचो. नवव्या दिवशी साहेब आले. हे दुसरे, काडीसारखे बारीक, खिशात मोजायची फीत. चेहरा असा की यांना कुणी शेवटचा विनोद शाळेत सांगितला असावा.

त्यांनी जुना कागद वाचून दाखवला आणि मधल्या दाराकडं बोट करून म्हणाले, हे दार उघडा. दादा म्हणाला, ते साडेपाचला उघडतं. साहेब म्हणाले, तुम्ही यांचे पती ना, मग हाक मारा. दादानं मान हलवली. “साहेब, सहा वर्षांत मी मारलेली एकही हाक त्या दारापलीकडं गेलेली नाही.”

आणि खिडकीतून आई म्हणाली, “बाहेर पडा, उजवीकडं जा. इस्त्रीवाल्यापाशी वळा, मग बोळात. आणि घंटी वाजवा. नुसतं दार वाजवलं तर घरचं कुणी असेल म्हणून उघडत नाहीत.”

साहेबांनी आईकडं जरा नीट पाहिलं. मग निघाले. मी त्यांच्यामागं. ते पावलं मोजत होते. मी पण मोजली, एकशे बेचाळीस. इस्त्रीवाला मला डोळ्यांनीच विचारत होता, हेच का, आणि मी डोळ्यांनीच हो म्हटलं.

घंटी वाजवली. थोरल्या बाईंनी दार उघडलं, साहेबांच्या बुटांकडं पाहिलं आणि पायपुसण्याकडं बोट केलं. साहेबांनी बूट पुसले. आत सहा जणी मोठ्या टेबलाभोवती, कोटांच्या दोन चळती, दोऱ्याची रिळं खिळ्यांना टांगलेली, मेणाचा गोळा बशीत, उजेड खिडकीतून बरोबर टेबलावर. कुणी मान वर केली नाही. साहेबांनी घसा खाकरून आपण कोण ते सांगितलं. वहिनी खालमानेनंच म्हणाली, “थांबा. चीर दिली आहे.”

मी मनात म्हटलं, संपलं. सहा बायकांचं वर्ष या माणसाच्या पेनात आणि ही त्याला उभं करते आहे. साहेब भिंतीला टेकून उभे राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. खोलीत दोरा कापडातून ओढल्याची सूं सूं तेवढी ऐकू येत होती. माझे पाय दुखायला लागले. शेवटचा टाका घातला, दोरा तोडला, काजावरून बोट फिरवून पाहिलं, आणि मग वहिनी उठली आणि म्हणाली, आता विचारा.

साहेबांनी आधी फळी उचलली. खाली चूल. तिच्यावर तळहात ठेवून पाहिला. दगडासारखी गार. म्हणाले, चूल गार आहे हे मला दिसतं, पण नियमात चुलीच्या तापाबद्दल काही लिहिलेलं नाही. खोली मोजली. खिडकी मोजली. मग फीत गुंडाळत म्हणाले, बाई, याला तुम्ही कारखाना का म्हणता, एवढं मला सांगा.

वहिनी म्हणाली, “त्या दाराच्या पलीकडं मी बायको आहे, सून आहे, शेजारीण आहे. हाक आली की उठायचं, हातात काय आहे ते बघायचं नाही. तिकडं माझे आठ कोट वाया गेले. इथं वेळेवर यायचं, वेळेवर जायचं आणि मधे कुणाच्या हाकेला ओ द्यायची नाही. ह्याला मी कारखाना म्हणते. तुमच्याकडं दुसरा शब्द असेल तर तो लिहा.”

मला वाटलं आता साहेब विरघळणार. ते काही विरघळणारं लोखंड नव्हतं. म्हणाले, मला पटलं तरी चालत नाही, कागदाला पटावं लागतं. ही जागा घरापासून वेगळी आहे असं दाखवणारं लिहिलेलं काही आहे का?

वहिनीचा चेहरा उतरला. करार नाही, पावती नाही, पाटीसुद्धा नाही. पाटीचं आठवून मी भिंतीकडं बघितलं. ती म्हणाली, हजेरीची वही आहे तेवढी.

साहेब उभ्या उभ्या वही चाळायला लागले. लाल रेघा बघितल्या. पहिल्या नावापुढच्या लाल रेघा बघून भुवई थोडी वर गेली. रस्त्यात बोलणं हे कारण त्यांनी दोनदा वाचलं. मग एका पानावर थांबले. पहिल्या नावापुढं सलग तीन दिवस रजा.

“गावाला गेला होता?”

“नाही. घरी होते. आईंना ताप होता.”

“घरी म्हणजे?”

वहिनीनं हातातल्या सुईनं मधलं दार दाखवलं. साहेबांनी दाराकडं पाहिलं, मग वहीकडं. त्या तीन दिवसांत इथं काम चालू होतं का, असं विचारलं, तर थोरल्या बाई न राहवून बोलल्या. “चालू म्हणजे? चारशे दहा काजं केली आम्ही. तिसऱ्या दिवशी काळं रीळ संपलं, नवीन कुठं ठेवलंय कळेना. मग मी वळसा घालून पुढं गेले, दार वाजवलं, विचारून आले.”

“इथूनच का नाही विचारलं? दार तर हे आहे.”

थोरल्या बाईंना त्या प्रश्नाचं नवल वाटलं. म्हणाल्या, “ताई रजेवर होत्या ना.”

साहेबांनी वही मिटली. मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं, आणि वकिलासारखं बोट वर करून त्यांनी वहिनीला विचारलं की आजारी माणसाला दिवसभर गरम पाणी लागतं, आणि चूल तर इकडं. मग ते कुठून आणलं?

“शेजारून,” वहिनी म्हणाली. “चूल कारखान्यात होती.”

तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते अजून विसरलो नाही. हसू आधी एका गालावर आलं, तिथं जरा अडखळलं, मग दुसऱ्या गालावर गेलं. त्यांनी खिशातून तसाच नवा छापील कागद काढला, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. कोटाला धक्का लागू नये म्हणून थोरल्या बाईंनी चळत सरकवली. साहेबांनी पेनचं टोपण काढलं. आधी ‘दुकान’ खोडलं. मग पेन ‘घर’ या शब्दावर थांबलं. सहाही सुया थांबल्या. आणि साहेबांनी ‘घर’ खोडलं. एक रेघ, मग खात्रीसाठी तिच्यावर दुसरी.

तेवढ्यात घंटी वाजली. थोरल्या बाईंनी दार उघडलं तर बोळात दादा उभा, कामावर जायचे कपडे घातलेले, पायात एकच मोजा. त्याला आत बोलवावं की नाही ते कुणाला कळेना. वहिनीनं नेहमीच्या आवाजात विचारलं, काय काम आहे? दादा म्हणाला, निकाल. तिनं सांगितलं, लागला. पुढं काय ते घरी सांगेन, साडेपाचनंतर. दादा म्हणाला, माझी पाळी दोनला आहे. मग मात्र ती हसली, आणि सगळ्या हसल्या, आणि साहेबांनी पाठ वळवून भिंतीवरची रिळं मोजल्यासारखं केलं.

संध्याकाळी आईला तो कागद वाचून दाखवला तर ती फुरंगटली. म्हणाली, माझं घर सरकारनं खोडलं? एवढी वर्षं राहतो आम्ही इथं. वहिनीनं तिची समजूत घातली की आई, साडेपाच ते नऊ तुम्ही कारखाना खोडा, सरकार काही म्हणणार नाही. तेव्हापासून आई साडेपाचची घंटी झाली की खिडकीतून मोठ्यानं सांगायची, आलं गं बाई माझं घर परत.

पाटी मी केली. तीन दिवस लावले तिला. निळ्या जमिनीवर पांढरं अक्षर, काठ पिवळा. ‘काज-बटण कारखाना’. त्यातला ‘ख’ मी तीनदा पुसला, कारण ‘ख’ नीट बांधला नाही तर त्याचे र आणि व सुटे दिसतात, आणि या पाटीवर मला कुणालाही काही सुटं दिसू द्यायचं नव्हतं. वहिनीला म्हटलं, पुढच्या दारावर लावू, रस्त्यावरून दिसेल. ती म्हणाली, पुढं आम्ही राहतो भाऊजी. मग बोळात लावली, जिथं इस्त्रीवाल्याशिवाय कुणी वाचणार नव्हतं. इस्त्रीवाल्यानं मात्र ती रोज वाचली, आणि गिऱ्हाइकांनाही वाचायला नेलं.

कंपनीचा पहिला टेम्पो बोळात शिरेना, म्हणून कोटांचे गठ्ठे कोपऱ्यापासून माणसांनी डोक्यावर वाहून आणले. दोनशे कोट. त्याच वर्षी शेजारची खोली घ्यावी लागली, मग पलीकडची. बायका सहाच्या अकरा झाल्या, अकराच्या एकोणतीस. मी बसमध्ये बसलो की कंडक्टरच्या कोटाचं काज बोटानं चाचपून बघायचो. एकदा एकानं मला खिसेकापू समजून उतरवलं. उतरलो, पण ऐटीत.

आणि एक दिवस घंटी वाजली. दारात कोटशिंपी. तयार कपड्यांचं दुकान त्याचं चांगलं चाललं होतं, पण त्या बॅण्डनं आठ नवे कोट सांगितले होते आणि अट घातली होती की काजं चांगल्या ठिकाणी करून आणा. त्यानं पाटी वाचली होती, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तो बोलायला लागला तसं वहिनी खालमानेनं म्हणाली, “थांबा. चीर दिली आहे.” आणि त्याला पाव तास उभं केलं. नंतर स्वतःच्या हातानं आठही कोट केले. डाव्या बाजूला.

दादा निवृत्त झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं बटणं लावायच्या कामासाठी अर्ज केला. वहिनीनं त्याला सहा दिवस शिकवलं आणि वहीत शेवटी नाव घातलं. पहिल्या सकाळी दोघं पुढच्या दारानं निघाली, हातात एकेक डबा. आई खिडकीतून म्हणाली, सांभाळून जा रे. कोपऱ्यावर दादा इस्त्रीवाल्याशी दोन शब्द बोलायला थांबला. वहिनी थांबली नाही. तो बोळात पोचला तेव्हा घंटी वाजून गेली होती, आणि त्याच्या नावापुढं, नोकरीच्या पहिल्याच दिवशी, लाल रेघ तयार होती.